केबल असो की डीएसएल, दोन्ही तारांचं गणित एकाच माणसाने मांडलं होतं : ऑलिव्हर हेविसाइडची गोष्ट

फायबर घरोघरी पोचायच्या आधी नेट घ्यायचं म्हटलं की दोन रस्ते असायचे. पहिला लँडलाइनच्या तारेवरून येणारं डीएसएल. मुंबईत एमटीएनएलचं आणि उरलेल्या महाराष्ट्रात बीएसएनएलचं ब्रॉडबँड असंच यायचं. फोनच्या तारेला एक छोटी डबी जोडलेली असायची, तिच्यातून एक वायर फोनला आणि दुसरी मोडेमला. दुसरा रस्ता टीव्हीच्या केबलचा. जाडसर काळी गोल वायर, टोकाला फिरवून बसवायची पिन, आणि ती थेट केबल मोडेममध्ये.

दोन्हींत फरक काय, असं विचारलं की ठरलेलं उत्तर मिळायचं. डीएसएल एक्सचेंजपासून लांब गेलं की मंदावतं. केबलचा स्पीड जास्त, पण रात्री सगळी गल्ली ऑनलाइन आली की तो वाटला जातो. उत्तर बरोबर आहे. पण मुळात एक तार लांब गेल्यावर दमते आणि दुसरी एवढा मोठा डेटा आरामात वाहते, असं का?

तारेच्या या स्वभावाचं गणित इंटरनेटच्या शंभर वर्षं आधी लिहून झालं होतं. लिहिणारा माणूस कॉलेजात गेलेला नव्हता, त्याला कमी ऐकू यायचं, आणि वयाच्या २४व्या वर्षी नोकरी सोडल्यावर त्याने आयुष्यभर दुसरी नोकरी धरली नाही. त्याचं नाव ऑलिव्हर हेविसाइड.

गरीब घर, श्रीमंत काका

हेविसाइडचा जन्म १८ मे १८५० चा, लंडनच्या कॅम्डन टाउन भागातला. वडील लाकडावर कोरीव काम करून छपाईचे ठसे बनवायचे. चार भावांत ऑलिव्हर सगळ्यात धाकटा. घरची परिस्थिती बेताची. लहानपणी त्याला स्कार्लेट फीव्हर झाला आणि त्यात ऐकू येणं कमी झालं. बरोबरच्या मुलांमध्ये मिसळणं अवघड झालं, ते जवळपास कायमचंच.

शाळेत तो हुशार होता, पण १६ व्या वर्षी शाळा सुटली. पुढे शिकायला पैसे नव्हते. मात्र एक नातं कामाला आलं. त्याच्या मावशीचे यजमान होते चार्ल्स व्हीटस्टन. ब्रिटनमध्ये टेलिग्राफ आणणाऱ्यांपैकी एक. बारावीच्या फिजिक्समध्ये ज्यांच्या नावाचा ‘व्हीटस्टन ब्रिज’ शिकवतात, तेच हे व्हीटस्टन. त्यांच्या वळणावर जाऊन ऑलिव्हर टेलिग्राफ शिकला आणि १८६८ मध्ये, १८ व्या वर्षी, डेन्मार्कला तारमास्तर म्हणून रुजू झाला. पुढे त्याची नेमणूक इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला झाली. तिथून समुद्राखालच्या केबलने डेन्मार्कशी संदेशांची देवाणघेवाण चालायची.

तो काळ टेलिग्राफच्या सुवर्णकाळाचा होता. १८७० मध्ये तर समुद्राखालून केबल टाकून मुंबईही एडनमार्गे लंडनशी जोडली गेली. आजच्या भाषेत सांगायचं, तर टेलिग्राफ हे त्या काळचं आयटी क्षेत्र होतं.

अपलोड वेगळा, डाउनलोड वेगळा

न्यूकॅसलच्या तारघरात एक गंमत सगळ्यांना माहीत होती. केबल एकच, पण इंग्लंडकडून डेन्मार्कला आणि डेन्मार्ककडून इंग्लंडला संदेश जाण्याचा वेग सारखा नव्हता. एका दिशेने तारा भराभर पाठवता यायच्या, उलट दिशेने सावकाश पाठवाव्या लागायच्या. बाकीच्यांनी हे असंच असतं म्हणून सोडून दिलं. हेविसाइडने सोडलं नाही. पुढे त्याने गणित मांडून दाखवलं, की समुद्रातल्या केबलच्या दोन्ही बाजूंना जोडलेल्या जमिनीवरच्या तारा आणि टोकांची यंत्रं सारखी नसतील, तर दोन दिशांचा वेग वेगळा येणारच.

डीएसएलच्या सर्वांत जास्त वापरल्या गेलेल्या प्रकाराचं नाव एडीएसएल, आणि त्यातला पहिला ‘ए’ म्हणजे असिमेट्रिक, दोन्ही बाजूंनी असमान. त्यात डाउनलोड जास्त आणि अपलोड कमी असतं. पण तिथलं कारण वेगळं आहे. लोक पाठवतात कमी आणि मागवतात जास्त, म्हणून कंपन्यांनी तारेवरच्या फ्रिक्वेन्सींची वाटणी मुद्दाम तशी केली. हेविसाइडला दिसलेली असमानता कोणी ठरवून केलेली नव्हती.

नोकरी सोडली आणि खोलीत बसला

१८७३ मध्ये जेम्स क्लर्क मॅक्सवेलचा वीज आणि चुंबकत्वावरचा दोन खंडांचा ग्रंथ आला. हेविसाइडच्या हाती तो पडला. शाळेतलं बीजगणित आणि थोडी त्रिकोणमिती एवढीच त्याची शिदोरी होती, त्यामुळे ग्रंथातलं गणित डोक्यावरून गेलं. पण या पुस्तकात काहीतरी प्रचंड आहे, हे त्याने ओळखलं. १८७४ मध्ये त्याने तारघराची नोकरी सोडली, लंडनला आईवडिलांकडे परतला आणि खोलीचं दार लावून अभ्यासाला बसला.

त्या अभ्यासातून जे निघालं ते आज जगभरचे इंजिनिअर वापरतात. मॅक्सवेलचा सिद्धांत २० समीकरणांत पसरलेला होता. १८८४-८५ च्या सुमारास हेविसाइडने तो व्हेक्टरच्या भाषेत चार समीकरणांत बसवला. इंजिनिअरिंगची मुलं मॅक्सवेलची म्हणून जी चार समीकरणं पाठ करतात, त्यांचं हे सुटसुटीत रूप हेविसाइडचं आहे. इंडक्टन्स आणि इम्पीडन्स हे शब्दही त्यानेच रूढ केले. टीव्हीच्या केबलचं माप म्हणून ७५ ओहम असा आकडा सांगतात, तो त्या केबलचा इम्पीडन्स असतो.

तारेचे चार गुण

त्याच्या आधी लांब केबलचं गणित विल्यम थॉमसनने, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विनने, १८५० च्या दशकात मांडलं होतं. त्यात तारेच्या दोनच गोष्टी धरल्या होत्या. एक रोध, म्हणजे तार विजेला किती अडवते. दुसरी धारिता, म्हणजे तार स्वतःमध्ये किती विद्युतभार साठवून ठेवते. समुद्राखालच्या सावकाश चालणाऱ्या टेलिग्राफला एवढं पुरत होतं.

हेविसाइडने यात आणखी दोन गोष्टी घातल्या. एक इंडक्टन्स, म्हणजे प्रवाह बदलू लागला की तारेभोवतीचं चुंबकीय क्षेत्र त्या बदलाला जो विरोध करतं तो. दुसरी गळती, म्हणजे वरच्या आवरणातून थोडी थोडी वीज निसटणं. या चार गुणांवरून कुठल्याही तारेत संदेशाचं काय होईल हे सांगणारी समीकरणं त्याने तयार केली. आज त्यांना टेलिग्राफरची समीकरणं म्हणतात. फोनची तार, टीव्हीची केबल, अगदी सर्किट बोर्डावरची पातळ तांब्याची रेघ, सगळ्यांना ती लागू होतात.

याच काळात त्याने आणखी एक गोष्ट उलगडून दाखवली. प्रवाह जितक्या वेगाने मागेपुढे होतो, तितका तो तारेच्या आतून न जाता पृष्ठभागावरून जाऊ लागतो. याला स्किन इफेक्ट म्हणतात. तार जाड असली तरी वापरात येतो फक्त तिचा वरचा पापुद्रा. त्यामुळे फ्रिक्वेन्सी वाढली की रोध वाढतो आणि सिग्नल लवकर दमतो.

डीएसएल लांब अंतरावर मार खातं त्याचं एक मोठं कारण हे आहे. फोनवरच्या बोलण्याला साधारण ४ किलोहर्ट्झपर्यंतच्या फ्रिक्वेन्सी पुरतात. डीएसएल त्याच तारेवर त्याच्या वरच्या, एडीएसएलमध्ये सुमारे ११०० किलोहर्ट्झपर्यंतच्या फ्रिक्वेन्सी वापरतं. म्हणूनच फोन आणि नेट एकाच वेळी चालतात. पण एक्सचेंजपासून घर जितकं लांब, तितक्या या वरच्या फ्रिक्वेन्सी वाटेत विरतात. चारपाच किलोमीटरनंतर फोन खणखणीत चालतो आणि नेट रडत चालतं, ते यामुळे.

उलट टीव्हीच्या केबलवाल्यांनी याच गुणाचा फायदा करून घेतला. अनेक केबलमधली मधली तार पूर्ण तांब्याची नसते. आत स्वस्त आणि मजबूत पोलाद असतं आणि वर तांब्याचा थर. सिग्नल त्या थरातूनच जाणार असतो, तर आत तांबं भरायचं कशाला?

केबलच्या आत केबल

१८८० मध्ये हेविसाइडने इंग्लंडमध्ये एक पेटंट घेतलं. तेव्हा टेलिफोन नुकताच आला होता आणि एक कटकट सुरू झाली होती. शेजारून जाणाऱ्या तारांतला आवाज एकमेकींत घुसायचा. हेविसाइडने उपाय सांगितला, की जायची तार आणि यायची तार शेजारी ठेवण्याऐवजी एक दुसरीच्या आत ठेवा. मध्ये एक तार, तिच्याभोवती वीज न वाहणारा थर आणि त्याच्याभोवती नळीसारखी दुसरी तार. असं केलं की विद्युत आणि चुंबकीय क्षेत्र दोन्ही आतच कोंडून राहतात, बाहेरचं आत येत नाही आणि आतलं बाहेर जात नाही.

हीच कोॲक्सियल केबल. दोघींचा अक्ष एकच म्हणून हे नाव. टीव्हीच्या केबलचं टोक सोललं की हेच दिसतं. मध्ये तार, भोवती पांढरा फोम, त्यावर पत्रा आणि जाळी.

फोनच्या जोडीत हे कवच नसतं. तिथे दोन तारांना एकमेकींभोवती पीळ देऊन आवाज घुसणं कमी करतात. ही युक्ती टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलची, १८८१ च्या पेटंटमधली. बोलण्यापुरता पीळ पुरतो. पण फ्रिक्वेन्सी वाढली की एकाच जुडग्यातल्या शेजारच्या जोड्या पुन्हा एकमेकींत लुडबुड करतात. कवच असलेली केबल मात्र शेकडो मेगाहर्ट्झपर्यंत निवांत चालते, म्हणून तिच्यात टीव्हीचे शंभर चॅनेल आणि नेट दोन्ही मावतं.

मग रात्री केबलचा स्पीड का पडतो? तो तारेचा दोष नाही, मांडणीचा आहे. फोनची जोडी प्रत्येक घराला एक्सचेंजपर्यंत किंवा रस्त्यावरच्या पेटीपर्यंत स्वतंत्र असते. टीव्हीची केबल एकाच वेळी सगळ्यांना तोच कार्यक्रम दाखवायला टाकली होती, त्यामुळे एका भागातली घरं एकाच केबलला फांद्यांसारखी जोडलेली असतात. नेट आल्यावरही तीच मांडणी राहिली आणि स्पीड वाटून घ्यायची वेळ आली.

या पेटंटातून हेविसाइडची परिस्थिती काही पालटली नाही. कोॲक्सियल केबलला खरे दिवस आले ते १९३० नंतर, लांब पल्ल्याचे टेलिफोन आणि मग टीव्ही आल्यावर. तोवर तो गेलेला होता.

साहेबाशी भांडण

हेविसाइडच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा झगडा टेलिफोनवरूनच झाला. लांबच्या फोनवर आवाज नुसता बारीक व्हायचा नाही, तो फाटायचा. आवाजात जाड-बारीक सूर असतात. लांब तारेवर बारीक सूर जास्त विरतात आणि सगळे एका वेगाने पोचत नाहीत. वारीतल्या दिंडीत प्रत्येक जण आपापल्या चालीने चालू लागला तर मुक्कामाला पोचेपर्यंत दिंडी विस्कटते, तसं.

१८८७ मध्ये हेविसाइडने सिद्ध केलं, की तारेच्या चार गुणांचं प्रमाण नेमकं जुळवलं तर सगळे सूर एकाच चालीने जातील. आवाज थोडा क्षीण होईल, पण फाटणार नाही. प्रत्यक्षातल्या तारांमध्ये कमी पडत होता तो इंडक्टन्स. म्हणजे तो वाढवा, असा त्याचा निष्कर्ष होता.

ब्रिटनमध्ये टेलिग्राफ तेव्हा सरकारी टपाल खात्याकडे होता आणि तिथे विजेच्या बाबतीत विल्यम प्रीस या अधिकाऱ्याचा शब्द शेवटचा. प्रीसचं मत नेमकं उलटं होतं. त्याच्या लेखी इंडक्टन्स म्हणजे टेलिफोनचा शत्रू, तो कमीच करायला हवा.

ऑलिव्हरचा मोठा भाऊ आर्थर टपाल खात्यातच इंजिनिअर होता. दोघा भावांनी मिळून टेलिफोनवर एक निबंध लिहिला, त्यात ऑलिव्हरचं हे नवं गणित होतं. आर्थर सरकारी नोकर असल्याने वरिष्ठांची परवानगी लागणार होती. प्रीसने ती दिली नाही. निबंध अडकला. त्याच वर्षी ‘द इलेक्ट्रिशियन’ या साप्ताहिकात ऑलिव्हरचे लेख छापणारा संपादक बदलला आणि लेखमालाही बंद पडली. या लेखांचे त्याला वर्षाला जेमतेम ४० पौंड मिळायचे. तेवढीच काय ती कमाई होती.

हेविसाइडही गप्प बसणारा नव्हता. प्रीसची टर उडवायची एकही संधी तो सोडत नसे. त्याच्या लेखांत अवघड गणिताच्या मध्येच बोचरे टोमणे येत. त्याने त्याचं नुकसानच झालं, कारण आधीच समजायला जड असलेले लेख संपादकांना छापायला आणखी जड जाऊ लागले.

वारं फिरलं ते १८८८ मध्ये. जर्मनीत हाइनरिश हर्ट्झने विद्युतचुंबकीय लहरी प्रयोगातून दाखवल्या आणि मॅक्सवेलचा सिद्धांत खरा ठरला. त्या सिद्धांतावर वर्षानुवर्षं एकट्याने काम करणाऱ्या माणसाकडे आता लोकांचं लक्ष गेलं. १८८९ मध्ये खुद्द केल्विनने विद्युत अभियंत्यांच्या संस्थेत अध्यक्षीय भाषण करताना हेविसाइडच्या कामाची वाखाणणी केली. १८९१ मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला. शाळा १६ व्या वर्षी सुटलेल्या माणसाला देशातला सर्वांत मोठा वैज्ञानिक मान मिळाला.

पैसा दुसऱ्याला मिळाला

मान मिळाला तरी ब्रिटनच्या टपाल खात्याने त्याचं ऐकलं नाही. ऐकलं अमेरिकेने. एटीअँडटी कंपनीचा इंजिनिअर जॉर्ज कॅम्पबेल आणि कोलंबिया विद्यापीठातला प्राध्यापक मायकेल प्युपिन या दोघांनी हेविसाइडच्या सिद्धांतावरून वेगवेगळं काम केलं. तारेवर ठरावीक अंतराने तांब्याच्या तारेची वेटोळी बसवायची, म्हणजे इंडक्टन्स वाढतो. यांना लोडिंग कॉइल म्हणतात. १९०० मध्ये पेटंट मिळालं ते प्युपिनला. एटीअँडटीने त्याचे हक्क विकत घेतले आणि प्युपिनला पुढच्या काही वर्षांत मिळून साडेचार लाख डॉलरहून जास्त रक्कम मिळाली.

हेविसाइडने पेटंट घेतलं नव्हतं, त्याला काहीच मिळालं नाही. कंपनीने पुढे त्याला पैसे देऊ केले, पण शोधाचं पूर्ण श्रेय मिळत नसेल तर पैसेही नकोत म्हणून त्याने ते नाकारले, असं सांगतात. लोडिंग कॉइलच्या जोरावर १९११ मध्ये न्यूयॉर्कहून डेन्व्हरला फोन लागू लागला.

या कॉइलची एक वेगळीच कथा पुढे घडली. लोडिंग कॉइल बोलण्याच्या फ्रिक्वेन्सी छान सांभाळते, पण त्याच्या वरचं सगळं अडवते. फोनसाठी हे चालून गेलं. डीएसएल आलं तेव्हा मात्र त्याला नेमक्या त्याच वरच्या फ्रिक्वेन्सी हव्या होत्या. परिणामी अमेरिकेसारख्या देशांत लांबच्या लँडलाइनवर डीएसएल द्यायचं तर आधी लाइनमन पाठवून कॉइल काढाव्या लागत. ज्या उपायाने फोन लांबवर पोचला, तोच नेटच्या वाटेत आडवा आला. हेविसाइडचं गणित मात्र दोन्ही वेळा बरोबरच होतं. कॉइल कुठपर्यंत मदत करते आणि कुठून पुढे अडवते, दोन्ही त्याच समीकरणांतून निघतं.

शेवटची वर्षं

१८८९ मध्ये हेविसाइड आईवडिलांसोबत डेव्हनमधल्या पेंटनला गेला. तिथे एका भावाचं वाद्यांचं दुकान होतं, त्याच्या वरच त्यांचं बिऱ्हाड. १८९४ मध्ये आई गेली, १८९६ मध्ये वडील. पैशांची चणचण कायम होती. रॉयल सोसायटीच्या मदतनिधीतून पैसे देऊ केले, ते त्याने भीक नको म्हणून परत पाठवले. अखेर मित्रांनी समजूत काढली आणि १८९६ मध्ये त्याने वर्षाला १२० पौंडांचं सरकारी पेन्शन घेतलं.

१९०२ मध्ये एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकासाठी टेलिग्राफवर लिहिताना त्याने एक अंदाज मांडला. पृथ्वी गोल असून रेडिओ लहरी समुद्रापलीकडे पोचतात, म्हणजे वातावरणात उंचावर वीजवाहक थर असला पाहिजे. अमेरिकेत आर्थर केनेलीने त्याच वर्षी हेच सुचवलं. म्हणून त्याला केनेली-हेविसाइड थर म्हणतात. ‘कॅट्स’ या गाजलेल्या संगीत नाटकात मांजरांचा स्वर्ग म्हणून ज्या हेविसाइड लेयरचं नाव येतं, तो हाच.

म्हातारपण मात्र एकाकी गेलं. १९०८ पासून तो टॉर्कीमध्ये राहिला. घर सांभाळणाऱ्या नात्यातल्या बाईवर त्याने इतकी बंधनं घातली, की शेवटी ती निघून गेली. गॅसचं बिल थकून गॅस तुटला, तेव्हा तो थंडीत ब्लँकेट पांघरून बसायचा. विक्षिप्तपणाच्या कहाण्या पसरल्या. घरात सामानाऐवजी दगडी ठोकळे मांडले, नखांना गुलाबी रंग लावला, सहीखाली वर्म, म्हणजे किडा, अशी अक्षरं लिहिली. गावातली पोरं चिडवायची.

१९२२ मध्ये विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने फॅरडे पदक सुरू केलं. पहिलं पदक हेविसाइडला दिलं. डिसेंबर १९२४ मध्ये एडवर्ड ॲपलटनने रेडिओ लहरी वापरून हवेतला तो थर खरोखर आहे, हे मोजून दाखवलं. या कामासाठी ॲपलटनला १९४७ मध्ये नोबेल मिळालं. हेविसाइड त्या आधीच, ३ फेब्रुवारी १९२५ ला, ७४ व्या वर्षी गेला. शिडीवरून पडल्यानंतर तो सावरलाच नाही. पेंटनच्या दफनभूमीत आईवडिलांसोबत त्याला पुरलं.

आता घराघरांत फायबर येतंय, काचेच्या धाग्यातून प्रकाश धावतोय आणि लँडलाइनच्या तारा खांबांवर तशाच लोंबताहेत. प्रकाश हीसुद्धा विद्युतचुंबकीय लहरच आहे. ती धाग्यात कशी वागेल हे काढायला इंजिनिअर आजही चार समीकरणांपासून सुरुवात करतात. नाव मॅक्सवेलचं असतं. लिहिलेली असतात ती हेविसाइडच्या पद्धतीने.